मास्क सरोवराकाठचा कारभारी

थ्रेड: ‘बॉयकॉट’ हा शब्द मुळात एका माणसाचे आडनाव आहे, हे बहुतेकांस ठाऊक असते. तो घडवला मात्र आयर्लंडच्या मेयो परगण्यातील नील नावाच्या खेड्याने, बॅलिनरोब या बाजारगावाने आणि भोवतालच्या वाड्यांनी.

चार्ल्स बॉयकॉट हा लॉर्ड अर्न या जमीनदाराचा मास्क सरोवराकाठचा कारभारी. १८७९ साली पीक बुडाले होते. १८८० मध्ये कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. जमीनदार १० टक्क्यांपुढे सरकेना. सप्टेंबरात जमीन सोडण्याच्या नोटिसा घेऊन बेलीफ पोलीस बंदोबस्तात आला, तेव्हा गावच्या बायकांनीच चिखल-दगडांचा मारा करून त्याला पिटाळले.

त्याच आठवड्यात पार्नेलने एनिसच्या सभेत सांगितले होते : बेदखल कुळाची जमीन घेणाऱ्यास महारोग्याप्रमाणे एकटे पाडा. नीलकरांनी हे अस्त्र थेट कारभाऱ्यावरच रोखले. गडी निघून गेले. लोहार, धोबीण, दुकानदार, कोणीही त्याचे काम करीना.

सुगी शेतातच उभी राहिली. ती काढण्यास नोव्हेंबरात कॅव्हन व मोनहन परगण्यांतून ५० स्वयंसेवक आले आणि त्यांच्या रक्षणास शेकडो सैनिक. काही शे पौंडांच्या पिकापायी सुमारे १०,००० पौंड खर्ची पडले! डिसेंबरारंभी बॉयकॉटने आयर्लंड सोडले.

शब्दाची कथा अशी : नीलचे धर्मगुरू जॉन ओमॅली यांना वाटले की ‘ऑस्ट्रसाइज’ हा शब्द शेतकऱ्यांस कळणार नाही, म्हणून त्यांनी कारभाऱ्याचेच नाव क्रियापद म्हणून सुचवले, असे अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथने नोंदवले आहे.

आपल्याकडे ‘वाळीत टाकणे’ होतेच. पण तिथे बहुधा बलवान जात दुर्बळाचे पाणी तोडी. नीलमध्ये दुर्बळांनी सत्ताधाऱ्याचे दळणवळण तोडले. माझ्या मते हा फरक शब्दाहून मोठा आहे. १९०५ नंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत ‘बहिष्कार’ आला तो या दुसऱ्या अर्थाने. १९२७ साली बाबासाहेबांनी पत्राचे नाव ‘बहिष्कृत भारत’ ठेवले ते पहिला अर्थ भोगणाऱ्यांच्या वतीने.

बॉयकॉट १८९७ मध्ये वारला. तोवर त्याचे नाव इंग्रजीबाहेरच्या भाषांतही रुळले होते. नीलचे नाव मात्र कोणत्याच भाषेत क्रियापद झाले नाही.