निळ्या ज्योतीचे धुराडे

चौथ्या शतकाच्या मध्यावर रोमन साम्राज्याच्या गॉल प्रांताचा कारभार पाहणारा ज्युलियन एका हिवाळ्यात ल्युटेशियाला, म्हणजे आजच्या पॅरिसला, मुक्कामाला होता. थंडी कडाक्याची, सीन नदीवर बर्फाच्या लाद्या तरंगत होत्या, तरी शरीराला सवय लागावी म्हणून हा गृहस्थ खोली तापवू देत नव्हता. शेवटी भिंतींची ओल तरी सुकावी म्हणून त्याने थोडे निखारे आत आणवले. त्याचे डोके जड झाले, झापड आली आणि नोकरांनी त्याला उचलून बाहेर नेले म्हणून तो वाचला. पुढे सम्राट झाल्यावर ३६३ साली त्याने ही हकीगत स्वतः लिहून ठेवली, पण दोष दिला तो भिंतीतून निघालेल्या वाफेला. त्याच वर्षी तो लढाईत पडला. त्याच्यामागून गादीवर आलेला जोव्हियन पुढच्या फेब्रुवारीत दादास्ताना या आडगावी सकाळी बिछान्यात मेलेला आढळला. इतिहासकार अम्मियानुसने मृत्यूची संभाव्य कारणे दिली आहेत : ताज्या चुन्याचा वास, कोळशाचा धूर किंवा अतिभोजन. एका निखाऱ्याने दोन लागोपाठच्या सम्राटांची गाठ घेतली असावी, असे मानायला जागा आहे.

गंमत अशी, की याच रोमनांना धूर बाहेर काढण्याची विद्या तीनशे वर्षांपूर्वीच साधली होती. त्यांच्या स्नानगृहांत फरशीखाली विस्तवाची झळ खेळवत आणि भिंतींत बसवलेल्या मातीच्या पोकळ नळ्यांतून ती वर सोडत. पहिल्या शतकातला सेनेका या नळ्यांना आपल्या हयातीत निघालेला शोध म्हणतो. मग सम्राटाच्या शयनगृहात उघडी शेगडी कशी? कारण लाकडाचा धूर डोळ्यांत जातो, माणूस खोकतो आणि भिंतीला भोक पाडतो. फुललेल्या निखाऱ्याचा धूर दिसत नाही. आपण पुढची पंधरा शतके ओलांडू तेव्हा हाच घोटाळा पुन्हा पुन्हा भेटेल. माणसाने धुराडे बांधले ते नेहमी दिसणाऱ्या धुरासाठी. १७९६ साली काउंट रम्फर्डने लंडनमध्ये धुराड्यांवर निबंध लिहून त्यांचा गळा अरुंद करायला सांगितला, तोही घरात धूर उलटतो ही तक्रार मिटवण्यासाठीच.

न दिसणाऱ्या शत्रूचे नाव कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८०० साली विल्यम क्रुकशँकने कार्बन मोनॉक्साइड हा वेगळा वायू म्हणून ओळखला. १८४२ मध्ये फेलिक्स लब्लांने कोळशाच्या धुरातले खरे विष हेच, असे दाखवले. त्यानंतर क्लोद बर्नारने तो रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो हे सिद्ध केले आणि शतकाच्या अखेरीस जॉन स्कॉट हॉल्डेनने हा वायू स्वतः हुंगून विषबाधेचे टप्पे टिपून ठेवले. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पट घट्ट धरते. त्याला ना रंग, ना वास.

नेमक्या याच काळात घरात गॅस आला होता. १८५५ च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ बुन्सेनच्या प्रयोगशाळेत हवा आधीच मिसळून घेणारा बर्नर तयार झाला आणि काजळीची पिवळी ज्योत निळी, स्वच्छ झाली. १८६८ साली बेंजामिन वॅडी मॉम या लंडनच्या रंगाऱ्याने गॅसच्या आचेवर वाहते पाणी तापवणारे यंत्र काढले आणि आइसलंडच्या उष्ण झऱ्यावरून त्याला ‘गीझर’ म्हटले. त्यात पाणी होते, ज्योत होती, फक्त जळलेला वायू बाहेर न्यायला नळकांडे नव्हते. मॉमला दोष देणे सोपे आहे; पण काजळीच दिसत नसेल तर धुराडे कोणाला आठवणार? अमेरिकेत स्थायिक झालेल्या एडविन रूड या नॉर्वेजियनाने १८८९ मध्ये आपोआप चालणारा साठवणीचा हीटर केला. पुढे रूढ झालेल्या साठवणीच्या गॅस हीटरांत टाकीच्या पोटातून उभी नळी जाते. जाता जाता ती पाणी तापवते आणि धूर वर सोडते. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही रचना परकी वाटू नये. आपला तांब्याचा बंब तोच : मधल्या नळीत बंबफोड, खाली राख, भोवती पाणी आणि डोक्यावर धुराची वाट. जर्मनीत देसाऊ इथे ह्यूगो युंकर्सने १८९५ साली न्हाणीघराच्या गॅस हीटरांचा कारखाना काढला. त्याच पैशावर पुढे त्याने संपूर्ण धातूचे विमान उडवले.

नळकांडे असूनही माणसे मरतात, हे १९०२ च्या सप्टेंबरात पॅरिसने पाहिले. कादंबरीकार एमिल झोला रात्री शेकोटी पेटवून झोपला आणि तुंबलेल्या धुराड्यामुळे सकाळी मेलेला सापडला. त्याची पत्नी वाचली. चौकशीत त्याच खोलीत विस्तव पेटवून गिनीपिग ठेवले, तर ते जिवंत राहिले! एका कारागिराने धुराडे मुद्दाम बुजवले होते, असा दावा १९५३ मध्ये एका वृत्तपत्राने छापला. त्याचा निकाल आजही लागलेला नाही.

नळकांड्यातून उलट येणाऱ्या वाऱ्यावर गॅस उपकरणांच्या कारागिरांनी काढलेला तोडगा विचित्र होता. हीटरच्या डोक्याशी, नळकांडे सुरू होते तिथे त्यांनी मुद्दाम फट ठेवली. वाऱ्याचा झोत वरून उलटा आला तर तो या फटीतून खोलीत पसरावा, ज्योत विझवू नये, ही कल्पना. पण वरच्या तोंडाशी पक्ष्याने घरटे केले, की याच फटीतून सगळा जळका वायू खोलीत उतरतो. म्हणून जाणता मिस्त्री हीटर काही मिनिटे चालवून फटीशी उदबत्ती किंवा धुराची काडी धरतो : धूर आत ओढला गेला तर ठीक, बाहेर लोटला गेला तर हीटर बंद. खरी सुटका विसाव्या शतकात झाली. पेटीच हवाबंद केली. ज्वलनाची हवा बाहेरून घ्यायची आणि जळका वायू भिंतीत त्याच जागी बाहेर सोडायचा. दोन्ही तोंडे शेजारी असल्याने वारा दोन्हींवर सारखाच दाबतो आणि खोलीच्या हवेशी ज्योतीचा संबंधच उरत नाही. बहुमजली इमारतींसाठी इंग्रजांनी सामाईक उभे बोगदेही बांधले. अखेर ब्रिटनच्या १९९८ च्या नियमांनी न्हाणीघरात बसवायचे गॅस उपकरण असेच हवाबंद हवे, असे ठरवून टाकले.

आपल्याकडे सिलिंडरचा गॅस १९५५ मध्ये मुंबईत आला, आणि शहरांतल्या फ्लॅटमध्ये बंबाच्या जागी भिंतीवर टांगलेला छोटा गीझर बसला. तो अनेकदा मॉमच्याच वंशातला, नळकांड्याविना. हिशेब करून पाहू. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचे तर दहा मिनिटांत सुमारे दीडशे ग्रॅम गॅस जळतो आणि त्याला दोन घनमीटरच्या आसपास हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या न्हाणीघरात सगळी मिळून साडेपाच घनमीटर हवा. थंडीत खिडकीच्या काचपट्ट्या मिटलेल्या, झरोक्याला पुठ्ठा लावलेला. प्राणवायू जरा उतरला, की निळी ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडू लागते. अंघोळीला गेलेली धडधाकट माणसे बेशुद्ध पडलेली सापडू लागली, तेव्हा भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांनी या प्रकाराला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ हे नावच दिले. त्यातल्या काही रुग्णांवर आधी फिट येण्याचे उपचार झाले होते.

आता पुण्या-मुंबईतले प्लंबर गीझर न्हाणीघराबाहेर, ड्राय बाल्कनीत बसवायला सांगतात आणि गरम पाणी पाइपाने आत आणतात. हे उत्तम आहे. मात्र पहिल्याच पावसाळ्यात झड आत येते म्हणून घरमालक त्या बाल्कनीला सरकत्या काचा बसवून घेतात, आणि बसवणाऱ्याला वर गीझर आहे हे कोणी सांगत नाही.