डेमलो संख्यांची कुळकथा

दापोलीजवळच्या मुर्डी गावात जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत अव्वल, झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे त्यांच्या नावाने गणिताचे पारितोषिक सुरू झाले आणि १९२७ साली ते फर्ग्युसन कॉलेजच्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या डहाणूच्या विद्यार्थ्याला मिळाले. पारितोषिक योग्य हाती पडले खरे.

कापरेकर १९३० पासून देवळालीच्या शाळेत शिकवत. आकड्यांचे वेड मात्र शाळेच्या वेळापत्रकात मावणारे नव्हते. त्या काळी जीआयपी रेल्वेवर, मुंबईपासून तीसेक मैलांवर डेमलो नावाचे स्थानक होते, आजचे डोंबिवली. तिथे सुचलेल्या संख्यांना त्यांनी स्थानकाचेच नाव देऊन टाकले.

कृती सोपी आहे. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. असे करत नऊ एकांच्या संख्येचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. उलटसुलट सारखाच! गुणाकार मांडून पाहिला तर जादू नाहीशी होते: उभ्या रांगांत एकेक एक वाढत जातो, मग घटतो, आणि नऊपर्यंत हातचा येतच नाही. सतरा अंकांची बेरीज ८१, म्हणजे नऊचा वर्ग.

कापरेकरांची खरी करामत पुढे आहे. त्यांनी संख्येचे तीन तुकडे केले. १२३४३२१ मध्ये डावा १२३ आणि उजवा ३२१ मिळवले की ४४४, म्हणजे मध्ये बसलेल्या ४ चीच पुनरावृत्ती. हीच अट पाळणारी संख्या डेमलो. त्यामुळे १६५ आणि २५५३ याही कुळात शिरल्या, आणि त्या तर उलटसुलट सारख्याही नाहीत! १९३८ साली यावर त्यांचा लेख ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये आला, १९४८ साली पुस्तकही निघाले.

मूळ पुरुष मात्र हजार वर्षे जुना आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त अशा गुणाकारांना गळ्यातल्या हारांची उपमा दिली. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणल्यावर येणारे उत्तर त्यांनी एकापासून सहापर्यंत चढून पुन्हा उतरणारी संख्या म्हणून सांगितले: १२३४५६५४३२१. गंमत अशी की हे दोन्ही गुणक पूर्ण वर्ग आहेत, ५२९१ आणि २१ यांचे. त्या दोघांचा गुणाकार म्हणजे सहा एक: ११११११.

वर्ग करताना नऊच्या पुढे जाऊन दहा एक घेतले की हातचा आडवा येतो. वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१, ऐना फुटला. तरी मधला शून्य बाजूला ठेवून १२३४५६७९० आणि ९८७६५४३२१ यांची बेरीज करावी: दहाच्या दहा एक परत मिळतात.