सर्पपेटीतील उष्णता

पाळीव सापाच्या बंदिस्त निवाऱ्यात बाहेरून पुरवलेली आणि नियंत्रणात ठेवलेली ऊब. साप बाह्यतापी असतो. अंगातली उष्णता तो बहुतांशी परिसरातून मिळवतो. सरपटणारे प्राणी ऊन आणि सावली यांत ये-जा करून शरीराचे तापमान ठरावीक मर्यादेत राखतात, हे कौल्स आणि बोगर्ट यांनी अमेरिकेतील वाळवंटी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अभ्यासातून १९४४ मध्ये दाखवून दिले. पेटीत ही ये-जा दोन-चार फुटांत उरकावी लागते, म्हणून तिची एक बाजू उबदार आणि दुसरी थंड ठेवतात. पश्चिम व मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन जगभर मोठ्या प्रमाणावर पाळला जातो. त्याच्यासाठी उबदार कोपरा सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सियस आणि थंड बाजू २५ ते २७ अंश ठेवण्याचा प्रघात आहे. ऊब अपुरी पडली तर पचन रखडते, गिळलेले भक्ष्य ओकले जाते आणि श्वसनमार्गाचे संसर्ग बळावतात. एवढे बहुतेक पाळणाऱ्यांना ठाऊक असते. मात्र हीटर निवडताना त्यांची नजर उपकरणाच्या प्रकारावर खिळते आणि गफलत तिथेच होते.

हीटरला स्वतःचे असे तापमान नसते. त्याला असतात वॅट. पेटीखाली चिकटवायची हीट मॅट ठरावीक वेगाने उष्णता देत राहते. ती किती तापेल हे त्या उष्णतेला बाहेर पडायला किती वाट मिळते यावर ठरते. डिसेंबरात खोली २० अंशांवर असताना मॅटचा पृष्ठभाग ३३ अंशांना स्थिरावत असेल, तर ती खोलीपेक्षा १३ अंशांनी तापते आहे. मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत तीच मॅट पन्नाशी गाठेल, आणि तिच्यात बिघाड मात्र काहीच झालेला नसेल. त्यावर नारळाच्या भुशाचा जाड थर घातला की उष्णता खाली कोंडते. वर ठेवलेला थर्मामीटर सौम्य आकडा दाखवतो. साप भुसा उकरून काचेपर्यंत पोहोचतो तेव्हा तिथले तापमान वेगळेच असते. शिवाय वेटोळे घालून बसलेला साप स्वतःच त्या जागेवरचे झाकण होतो. त्याच्या पोटाखालची उष्णता निसटू शकत नाही आणि रिकाम्या पेटीत मोजलेला आकडा अंशाअंशाने मागे पडतो. म्हणूनच ‘कमी वॅटची आहे, थर्मोस्टॅट लागत नाही’ हा विक्रेत्याचा भरवसा फसवा ठरतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की चटका बसला तर साप आपण होऊन सरकेल. पशुवैद्यकांचा अनुभव याच्या उलट आहे: अतितप्त पृष्ठभागावर तासन्‌तास पडून राहिलेले साप त्यांच्याकडे येतात. पोटाचे खवले आधी गुलाबी होतात, मग त्यांखाली पाण्याचे फोड येतात, पुढे तपकिरी खपली धरते. बरे व्हायला महिने लागतात, कित्येकदा कात टाकून झाली तरी व्रण राहतात. सापाला वेदना कळत नाहीत असा याचा अर्थ काढू नये. पेटीतली हवा गार असेल तर पोट भाजत असतानाही उरलेले शरीर ऊब शोधतच असते, हे त्याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण आहे. विजेवर तापणारे कृत्रिम दगड याच कारणाने सर्वांत धोकादायक. ते पेटीत ठेवूच नयेत.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. बॉल पायथन दिवसा उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहतो, तेव्हा जमिनीतून मिळणारी ऊबच त्याला नैसर्गिक, असे म्हटले जाते. पण बिळातली ऊबही मुळात वरून, उन्हाने तापलेल्या मातीतून उतरते. दिवसाच्या उन्हात जितके खोल जावे तितका गारवा लागतो, आणि उष्मा वाढला की खाली जाणे ही सापाची सुटकेची वाट असते. खालून तापवलेल्या पेटीत ही वाट उलटी होते. गारव्यासाठी तो जितका उकरतो तितका काचेच्या तापाजवळ जातो. त्यामुळे वरून दिलेली ऊब तत्त्वतः सरस. रात्रीसाठी प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर किंवा छताला बसवायचे उष्णता-पॅनेल वापरतात. सिरॅमिक हीटर मात्र प्रचंड तापतो. साप त्याला वेढा घालू शकतो, म्हणून तो जाळीच्या आवरणातच हवा. वरची ऊब हवा कोरडी करते. आर्द्रता घसरली तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते, याकडेही लक्ष ठेवावे लागते. रात्री लाल दिवा लावून भागेल, कारण तो सापाला दिसत नाही, ही समजूतही भरवशाची नाही.

उपकरण कोणतेही असो, थर्मोस्टॅटशिवाय ते सुरक्षित नाही. आणि थर्मोस्टॅटला फक्त त्याच्या सेन्सरच्या टोकाशी काय चालले आहे तेवढेच कळते. मॅट असेल तर हे टोक मॅट आणि पेटीचा तळ यांच्यामध्ये घट्ट बसवतात. पेटीत मोकळे सोडलेले टोक सापाच्या एका वळशाने बाजूला ढकलले गेले, तर त्याला गार हवा लागते आणि थर्मोस्टॅट हीटर चालूच ठेवतो. थर्मोस्टॅट चालू स्थितीत अडकूनही बिघडतो, म्हणून हीटर गरजेपुरत्याच वॅटचा घ्यावा: तो सतत चालू राहिला तरी पेटी जीवघेणी तापू नये.

भारतात नाग, धामण, अजगर, मांडूळ यांसारखे देशी साप घरी पाळणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. बॉल पायथन वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्‌स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने त्याची नोंदणी करावी लागते. शिवाय परदेशी पुस्तकांतला सल्ला बहुधा थंड घरांना धरून दिलेला असतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात खोलीच चाळिशीला टेकते तेव्हा हीटर बंद ठेवून पेटी थंड जागी हलवणे हेच काम उरते, कारण सापाला गारव्यापेक्षा उष्मा फार लवकर मारतो. हिवाळ्यात काही तास वीज गेली आणि पेटी २२ अंशांवर उतरली तर निरोगी, पोट रिकामे असलेला बॉल पायथन सहसा ते सोसतो. नुकतेच भक्ष्य गिळलेला असेल तर पेटीभोवती घोंगडी गुंडाळून, हवा येण्यापुरती फट ठेवून, ऊब टिकवावी लागते.