बेडोकमधील आरोग्यसुधारणा आणि वैद्यकीय तंत्रज्ञानावरील खर्च

बेडोक हा सिंगापूरच्या पूर्व भागातील निवासी नियोजन विभाग. २०२० च्या जनगणनेत पावणेतीन लाखांवर वस्ती असलेला हा देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा विभाग ठरला. जुनी वसाहत असल्याने वयस्क रहिवासी येथे मोठ्या संख्येने आहेत. मधुमेह, रक्तदाब असे जन्मभर सोबत करणारे आजार त्यामुळे येथील सरकारी पॉलिक्लिनिकच्या रोजच्या कामाचा मोठा हिस्सा व्यापतात. आरोग्यसुधारणेने यंत्रांवरचा खर्च कमी होतो की वाढतो, हा प्रश्न अशा ठिकाणी विचारला की त्याचे साधे उत्तर मिळत नाही. सिंगापुरात खर्चाची एकूण पातळी खाली आलेली नाही. बदलले ते पैसे कोणत्या टप्प्यावर आणि कशासाठी खर्च होतात, एवढेच. आणि हा बदल लहान वाटला तरी तोच महत्त्वाचा आहे.

१९८३ च्या राष्ट्रीय आरोग्य योजनेपासून या धोरणाची सुरुवात धरतात. १९८४ मध्ये मेडिसेव्ह ही सक्तीची आरोग्यबचत, १९९० मध्ये मेडिशील्ड विमा आणि १९९३ मध्ये गरिबांसाठी मेडिफंड आला. त्याच वर्षीच्या श्वेतपत्रिकेने भूमिका उघडपणे मांडली : बाजार खर्च आवरत नसेल तर सरकार हात घालील आणि सरकारी रुग्णालयांत नवे तंत्रज्ञान जपूनच आणले जाईल. म्हणजे लगाम पुरवठ्याला होता. तरीही आरोग्य मंत्रालयाचा खर्च २०१० मधील ३.७ अब्ज डॉलरांवरून २०१९ मध्ये ११.३ अब्जांवर गेला (येथील डॉलर सिंगापूरचे). लगाम ढिला होता असे नव्हे. लोकसंख्या म्हातारी होत होती आणि आजार वाढल्यावर रुग्ण थेट रुग्णालयाची पायरी चढत होते. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘हेल्दिअर एसजी’ने म्हणून वेगळी दिशा घेतली. रहिवाशाने एका कुटुंबडॉक्टरकडे नाव नोंदवायचे आणि तिन्ही सरकारी आरोग्यसमूहांना आपापल्या भागातील रहिवाशांमागे दरडोई निधी द्यायचा. केलेल्या कामाप्रमाणे पैसे मिळतात तेव्हा यंत्र हे उत्पन्नाचे साधन असते; दरडोई निधीत ते खर्चाच्या बाजूला जाते, आणि आजार वेळीच पकडणारे स्वस्त यंत्र एकाएकी परवडू लागते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण डोळ्यांच्या तपासणीचे आहे. मधुमेहींच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे पॉलिक्लिनिकमध्ये घेऊन दूरच्या केंद्रातील प्रशिक्षित वाचकांकडे पाठवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. सिंगापूर नॅशनल आय सेंटरच्या संशोधकांनी त्याच साठ्यावर संगणकीय वाचनप्रणाली घडवली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अभ्यास सुमारे पाच लाख छायाचित्रांवर आधारलेला होता. २०२० मध्ये ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये तिचा हिशेब आला : माणसांकरवी वाचन केल्यास रुग्णामागे वर्षाला ७७ अमेरिकी डॉलर, सर्वस्वी यंत्राकरवी ६६, आणि यंत्राने आधी चाळणी करून शंकास्पद छायाचित्रे माणसाने पुन्हा पाहिल्यास ६२. पूर्ण स्वयंचलन या मिश्र पद्धतीपेक्षा महाग पडते, कारण यंत्राच्या फाजील संशयाने निरोगी माणसेही तज्ज्ञाकडे जातात. तंत्रज्ञान खर्च वाढवते की वाचवते, हे यंत्राच्या किमतीपेक्षा त्याच्या पुढच्या टप्प्यावर काय ठेवले आहे यावर ठरते, असे या आकड्यांवरून म्हणता येते.

यावर पहिला आक्षेप असा की यंत्रांचे पैसे वाचले तरी माहितीप्रणालींत ते गेले. आक्षेप खरा आहे. राष्ट्रीय इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंद २०११ पासून उभी राहत आहे. हेल्दिअर एसजीत आलेल्या खासगी दवाखान्यांना सुसंगत संगणकप्रणालीसाठी दहा हजार डॉलरांपर्यंत एकरकमी अनुदान देऊ केले गेले. शिवाय या खर्चाला जोखमीची शेपटी आहे. २०१८ मध्ये सिंगहेल्थ या समूहाच्या प्रणालीतून १५ लाख रुग्णांची वैयक्तिक माहिती चोरीला गेली, त्यांत तेव्हाचे पंतप्रधान ली सिएन लूंग हेही होते. बेडोक पॉलिक्लिनिक याच समूहाचे. पुढे सिंगहेल्थला अडीच लाख आणि प्रणाली सांभाळणाऱ्या सरकारी कंपनीला साडेसात लाख डॉलर दंड झाला. पण यातून नोंदी जोडूच नयेत असे निघत नाही. नोंद नसेल तर तीच तपासणी दुसऱ्या दारी पुन्हा होते. सुरक्षेचा खर्च हा मूळ किमतीचाच भाग धरायला हवा, तो पहिल्या अंदाजपत्रकांत बहुधा पुरेसा धरलेला नसतो.

दुसरा आक्षेप रुग्णाच्या बाजूचा : मूल्यमापनाच्या नावाखाली नवे उपचार अडवले जातात. २०१५ मध्ये स्थापन झालेली एजन्सी फॉर केअर इफेक्टिव्हनेस औषधे व उपकरणांची किंमत आणि गुण तोलते. सप्टेंबर २०२२ पासून मेडिशील्ड लाइफ या विम्यातून कर्करोगावरच्या मान्य यादीतल्याच औषधांचा परतावा मिळतो. यादीबाहेरच्या रुग्णाला याची झळ बसते, ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र नुसत्या किंमतबंदीचा पर्याय भारताने पाहिला आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. किंमत उतरली, पण स्टेंट कोणाला खरोखर हवा, हा प्रश्न त्या आदेशाच्या कक्षेतच नव्हता. सिंगापूरचे मूल्यमापन निदान तो प्रश्न विचारते.

बेडोक नॉर्थमध्ये सुमारे १,४०० खाटांचे ईस्टर्न जनरल हॉस्पिटल उभारले जात आहे, ते २०२९ च्या सुमारास टप्प्याटप्प्याने सुरू व्हायचे आहे; ही गोष्ट वरच्या प्रतिपादनाला छेद देते असे वाटेल. प्रतिबंध यशस्वी होणार असेल तर एवढ्या खाटा कशाला? याचे उत्तर वयाच्या गणितात आहे. आज साठी-सत्तरीत असलेल्यांची पूर्वीची दुखणी कोणतीही नोंदणी पुसू शकत नाही, आणि प्रतिबंधाचे फळ मिळायला दहा-पंधरा वर्षे लागतात. या रुग्णालयाचे वेगळेपण खाटांच्या संख्येत नसून ते चालवणाऱ्या सिंगहेल्थच्या हिशेबात आहे. दरडोई निधीत बेडोकचा रहिवासी दाखल झाला तर समूहाचा खर्च वाढतो, पॉलिक्लिनिकमध्येच सावरला तर वाचतो. नव्या इमारतीत कोणती यंत्रे घ्यायची, याचा निर्णय प्रथमच या दडपणाखाली होईल.