तक्त्यातील १३ वे स्थान : मँचेस्टर युनायटेडचा १९८९-९० चा हंगाम आणि प्रगतीचा हिशेब

१/ ९ डिसेंबर १९८९. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर क्रिस्टल पॅलेसने यजमान मँचेस्टर युनायटेडला २-१ असे हरवले. त्या दिवशी प्रेक्षकांत एक चादर उलगडली गेली. तिच्यावर रंगवलेल्या मजकुराचा आशय असा : तीन वर्षे सबबी ऐकल्या, खेळ अजून टाकाऊच आहे, फर्गी, रामराम घ्या.

२/ फर्गी म्हणजे व्यवस्थापक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन. पुढे त्यांनी याच क्लबला १३ लीग विजेतेपदे मिळवून दिली. त्यामुळे ती चादर आज पाठीराख्यांच्या उतावळेपणाचा नमुना म्हणून दाखवली जाते. हा निवाडा न्याय्य नाही. त्या दिवशी हाती असलेल्या पुराव्यानुसार चादरीवरचा हिशेब बरोबर होता. तो कशाच्या आधारे मांडला गेला आणि त्यातून काय निसटले, याचा हा धागा.

३/ पाठीराख्यांच्या मनातील मोजपट्टी मॅट बस्बी यांच्या काळाची होती. बस्बींच्या संघाने १९६७ मध्ये लीग आणि १९६८ मध्ये युरोपियन कप जिंकला. त्यानंतर उतार लागला. १९७४ मध्ये क्लब चक्क दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि १९७५ मध्ये परतला. १९७७, १९८३ आणि १९८५ मध्ये एफए कप मिळाला. लीग मात्र मिळाली नाही. शेजारच्या लिव्हरपूलने याच काळात विजेतेपदांची रास रचली.

४/ धीर धरण्याचा अनुभवही या पाठीराख्यांच्या गाठीशी होता. डेव्ह सेक्स्टन यांना १९७७ ते १९८१ अशी चार वर्षे मिळाली. १९८० मध्ये संघ लिव्हरपूलपेक्षा अवघ्या २ गुणांनी मागे राहून दुसरा आला. पुढच्या हंगामात तो आठव्या स्थानी गेला. शेवटचे सातही सामने जिंकूनही सेक्स्टन यांना जावे लागले, कारण चार वर्षांत एकही चषक आला नव्हता. थांबल्याचे फळ मिळतेच असे नाही, हे तेव्हाच दिसले होते.

५/ सेक्स्टन यांच्यानंतर रॉन अ‍ॅटकिन्सन आले. त्यांच्या संघाने १९८५-८६ च्या हंगामाची सुरुवात सलग १० विजयांनी केली, आणि शेवट चौथ्या स्थानावर. नोव्हेंबर १९८६ मध्ये संघ तळापासून दुसरा असताना त्यांना काढण्यात आले. ६ नोव्हेंबरला फर्ग्युसन यांची नेमणूक झाली. स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनसारख्या मर्यादित साधनांच्या क्लबकडून त्यांनी तीन वेळा लीग जिंकून घेतली होती आणि १९८३ मध्ये रेआल माद्रिदला हरवून युरोपियन कप विनर्स कप आणला होता.

६/ आता चादरीमागचे आकडे पाहावेत. १९८६-८७ : ११ वे स्थान. १९८७-८८ : २ रे. १९८८-८९ : पुन्हा ११ वे. १९८९-९० च्या डिसेंबरात संघ तक्त्याच्या खालच्या अर्ध्यात. चढणीचा आभास होता तो एकाच हंगामात, आणि त्या हंगामातही विजेत्या लिव्हरपूलचे गुण ९० होते, युनायटेडचे ८१. शिवाय १९८५ च्या हेझेल दुर्घटनेनंतर इंग्लिश क्लबांना युरोपात बंदी असल्याने दुसऱ्या क्रमांकाचे व्यावहारिक मोल शून्य होते.

७/ १९८९ च्या वर्षाने जखमेवर मीठ चोळले. मार्चमध्ये गॉर्डन स्ट्रॅकन यांना लीड्सला विकले गेले. उन्हाळ्यात पॉल मॅकग्रा आणि नॉर्मन व्हाइटसाइड हे प्रेक्षकांचे लाडके खेळाडू गेले. व्हाइटसाइड यांच्याच गोलावर १९८५ चा एफए कप जिंकला गेला होता. ज्या आठवणींवर गर्दी जगत होती, त्या आठवणीच जणू विक्रीला निघाल्या.

८/ त्यांच्या जागी नील वेब, माइक फीलन, गॅरी पॅलिस्टर, पॉल इन्स आणि डॅनी वॉलेस आले. पॅलिस्टर यांच्यासाठी मोजलेले २३ लाख पौंड हा ब्रिटनमध्ये बचावपटूसाठीचा तेव्हाचा विक्रम होता. एवढा खर्च झाल्यावर ‘संघ घडतो आहे’ हे उत्तर पुरेसे वाटेनासे होते. पैसा ओतला, तर तक्ता हलला पाहिजे, ही अपेक्षा अवाजवी नव्हती.

९/ हंगामाचा पहिला दिवस मात्र स्वप्नवत होता. १९ ऑगस्टला, क्लब विकत घेण्याचा करार केलेले उद्योजक मायकेल नाइटन संघाचा पोशाख घालून मैदानात उतरले आणि स्ट्रेटफर्ड एंड या कट्टर पाठीराख्यांच्या सज्जापुढे त्यांनी चेंडूच्या कसरती केल्या. त्यानंतर युनायटेडने गतविजेत्या आर्सेनलला ४-१ असे हरवले. ऑक्टोबरपर्यंत नाइटन यांचा करार बारगळला. आर्सेनलवरील तो विजयही तोवर जुनी गोष्ट झाला होता.

१०/ मधे २३ सप्टेंबर येऊन गेला. त्या दिवशी मेन रोडवर मँचेस्टर सिटीने युनायटेडला ५-१ असे लोळवले. सिटी त्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीतून वर आली होती. एकाच शहरात, एकाच कारखान्यात, कित्येकदा एकाच घरात दोन्ही क्लबांचे लोक असत. असा पराभव सोमवारी कामावर पाठीराख्यासोबत जातो. तो मोजण्यासाठी गुणतक्त्याची गरज पडत नाही.

११/ नोव्हेंबरच्या अखेरीपासून युनायटेडने सलग ११ लीग सामन्यांत एकही विजय मिळवला नाही. चादर उलगडली ती याच ओहोटीत. ज्या पॅलेसकडून ते हरले, त्या पॅलेसने सप्टेंबरमध्येच लिव्हरपूलकडून ९-० असा मार खाल्ला होता. म्हणजे लिव्हरपूल ज्यांच्यावर नऊ गोल करते, त्यांच्यापुढे आपण घरच्या मैदानावर हरतो. प्रगतीचे याहून सोपे आणि याहून क्रूर मोजमाप दुसरे नव्हते.

१२/ त्या पिढीच्या पाठीराख्याला स्वतःचा आवाज नुकताच सापडत होता. क्लबांच्या गोडगुलाबी अधिकृत पत्रिकांना उत्तर म्हणून पाठीराखे स्वतःची नियतकालिके काढू लागले होते. युनायटेडच्या भोवती १९८७ मध्ये ‘रेड न्यूज’ आणि १९८९ मध्ये ‘युनायटेड वी स्टँड’ निघाले. सामन्याबाहेर उभे राहून हातोहात विकल्या जाणाऱ्या या अंकांत संघाचा जमाखर्च निर्भीडपणे मांडला जाई.

१३/ हा केवळ करमणुकीचा प्रश्नही नव्हता. एप्रिल १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूलच्या ९७ पाठीराख्यांना प्राण गमवावे लागले. तिकिटाचे पैसे मोजून मैदानात येणाऱ्या माणसाला हा खेळ किती किंमत देतो, हे त्या घटनेने उघड केले होते. त्यानंतरच्या हंगामात पाठीराख्याने क्लबला जाब विचारणे, हा त्याच्या मोजक्या अधिकारांपैकी एक होता.

१४/ मग निसटले काय? जे ओल्ड ट्रॅफर्डच्या हिरवळीवर घडत नव्हते, ते. फर्ग्युसन यांनी आल्या आल्या मद्यपानाच्या सवयींविरुद्ध आघाडी उघडली, होतकरू मुले हेरणाऱ्या स्काउटांची संख्या वाढवली आणि १९६८ च्या संघातील ब्रायन किड यांना १९८८ मध्ये युवा विभागाच्या कामासाठी बोलावले. २९ नोव्हेंबर १९८७ रोजी ते स्वतः एका मुलाच्या घरी गेले. त्या दिवशी त्याला चौदावे वर्ष पूर्ण झाले होते. तो मुलगा म्हणजे रायन गिग्ज. तोवर तो सिटीच्या शिबिरात सराव करत असे.

१५/ काही गोष्टी डोळ्यांसमोर होत्या, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. स्टीव्ह ब्रूस, ब्रायन मॅक्लेअर, मार्क ह्यूज, पॅलिस्टर आणि इन्स हे १९९३ च्या विजेत्या संघाचे पाच आधारस्तंभ. चादर उलगडली तेव्हा हे पाचही जण क्लबमध्येच होते. पॅलिस्टर २४ वर्षांचे होते, इन्स २२ वर्षांचे. घराचा पाया घातला गेला होता. पावसात उभ्या असलेल्या माणसाला मात्र छप्पर हवे होते.

१६/ ७ जानेवारी १९९०. एफए कपच्या तिसऱ्या फेरीत नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर सामना. हरले तर फर्ग्युसन गेले, असे वृत्तपत्रांनी जवळजवळ गृहीत धरले होते. मार्क रॉबिन्स या तरुण आघाडीपटूच्या गोलावर युनायटेड १-० असे जिंकले. त्या गोलाने फर्ग्युसन यांची नोकरी वाचली, ही आख्यायिका तिथूनची. अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स यांनी मात्र पुढे वारंवार सांगितले की त्यांना काढण्याचा विचार संचालक मंडळात नव्हता. बॉबी चार्ल्टन यांचाही त्यांना भक्कम पाठिंबा होता.

१७/ पुढचा मार्ग परक्या मैदानांवरूनच गेला : हेरफर्ड, न्यूकॅसल, शेफील्ड युनायटेड. ओल्डहॅमविरुद्धचा उपांत्य सामना ३-३ असा बरोबरीत सुटला आणि फेरसामन्यात पुन्हा रॉबिन्स यांनीच निर्णायक गोल केला. वेम्बलीवरील अंतिम सामन्यात समोर उभे होते तेच क्रिस्टल पॅलेस. १२ मे रोजी जादा वेळेनंतरही ३-३. फर्ग्युसन यांनी अ‍ॅबर्डीनपासूनच्या आपल्या गोलरक्षकाला, जिम लेटन यांना, वगळून लेस सीली यांना उतरवले. १७ मेच्या फेरसामन्यात ली मार्टिन यांच्या एकमेव गोलावर चषक आला.

१८/ रॉबिन्स आणि मार्टिन, दोघेही क्लबच्या युवा संघातून वर आलेले. लाखो पौंडांच्या खरेदीचा हंगाम अखेर वाचवला तो घरच्या दोन पोरांनी. मागच्या दाराने चाललेल्या कामाचा हा पहिला जाहीर पुरावा होता. चषकाच्या झळाळीत तो फारसा कोणाच्या लक्षात आला नाही.

१९/ तर १९८९-९० मध्ये युनायटेडने प्रगती केली का? लीगचा तक्ता म्हणतो : नाही. २० संघांत १३ वे स्थान, ४८ गुण, १६ पराभव. खालच्या श्रेणीत गेलेल्या शेफील्ड वेन्सडेपेक्षा फक्त ५ गुण जास्त. आदल्या वर्षीच्या ५१ गुणांपेक्षाही कमी. चषकांचे कपाट म्हणते : होय, पाच वर्षांनी काहीतरी आले. दोन्ही उत्तरे खरी होती, आणि दोन्हींपैकी एकानेही पुढच्या तीन वर्षांचा अंदाज दिला नसता.

२०/ बंदी उठल्यावर मे १९९१ मध्ये रॉटरडॅमला बार्सेलोनाला २-१ असे हरवून युनायटेडने युरोपियन कप विनर्स कप जिंकला. लीगमध्ये सहावे स्थान. १९९२ मध्ये लीगचे विजेतेपद हातातोंडाशी आले आणि लीड्सने ४ गुणांनी हिरावले. लीड्सचे कर्णधार होते १९८९ मध्ये विकलेले गॉर्डन स्ट्रॅकन. म्हणजे चादरवाल्यांच्या तक्रारीतला एक मुद्दा तीन वर्षांनीही जिवंत होता.

२१/ त्याच १९९२ च्या वसंतात युवा संघाने एफए यूथ कप जिंकला. गिग्ज, डेव्हिड बेकहॅम, निकी बट आणि गॅरी नेव्हिल त्या संघात होते. अंतिम फेरीतील प्रतिस्पर्धी पुन्हा क्रिस्टल पॅलेस. २१ एप्रिल १९९३ ला युनायटेडने पॅलेसच्याच मैदानावर २-० असा विजय मिळवला आणि २ मे रोजी अ‍ॅस्टन व्हिला हरताच २६ वर्षांनी लीगचे विजेतेपद निश्चित झाले. साडेतीन वर्षांत प्रतिस्पर्धी तोच राहिला. बदलले होते युनायटेड.

२२/ यावरून ‘थांबा, फळ मिळेल’ असे बोधवाक्य काढण्याचा मोह होतो. इतिहास त्याला आधार देत नाही. सेक्स्टन यांच्याबाबत थांबून काही हाती आले नव्हते. २०१३ मध्ये फर्ग्युसन यांच्याच शिफारशीने डेव्हिड मॉयस सहा वर्षांच्या करारावर आले. सज्जावर त्यांच्या स्वागताचा फलक होता. मार्च २०१४ मध्ये मैदानावरून विरोधाचा फलक ओढत विमान गेले आणि एप्रिलमध्ये मॉयस गेले. घाई तेव्हा चुकली असे म्हणावे, तर थांबून काय झाले असते याचा पुरावा कोणाकडेच नाही.

२३/ १९८९ च्या पाठीराख्याने जे दिसत होते ते नीट मोजले. संघातील मोक्याच्या खेळाडूंचे वय काय, खालून कोण येत आहे, विकलेल्यांच्या जागी आलेले किती वर्षे टिकतील, हे प्रश्न तक्त्यात छापून येत नाहीत. त्यांची उत्तरे दूरच्या एखाद्या सराव मैदानावर, शनिवारी सकाळी मुलांच्या सामन्यात दिसू लागतात. तिथे प्रेक्षक नसतात आणि चादरीही नसतात.

२४/ मे २०१३ मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाले, तेव्हा चादर रंगवणाऱ्या त्याच पाठीराख्याने नवा फलक केला. वाक्याची ठेवण जुनीच. सबबींच्या जागी आता चषकांची वर्षे आली होती. शेवट मात्र तोच ठेवला होता : फर्गी, रामराम. मधल्या काळात तो क्लब सोडून कुठेच गेला नव्हता.