संधिदाह आणि आहार (सातारा-सांगली)

सांधे सुजवणारे विकार अनेक आहेत. वय आणि वजनामुळे गुडघ्यांतील कूर्चा झिजते. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. रक्तात युरिक आम्ल वाढून त्याचे खडे सांध्यात जमले की पायाचा अंगठा ठणकू लागतो, तो गाऊट, म्हणजे वातरक्त. कृष्णाकाठी या सगळ्यांना ‘वात’ म्हणतात आणि पथ्यही सरसकट एकच सांगतात : वांगी, हरभऱ्याची डाळ, आंबट ताक बंद. या पथ्याला चाचण्यांचा भक्कम आधार नाही.

आहाराचा सर्वांत स्पष्ट परिणाम गाऊटवर दिसतो. कलेजी-वजडी, मटणाचा अतिरेक आणि बिअरने युरिक आम्ल वाढते. फ्रुक्टोजनेही ते वाढते. त्यामुळे ऊसपट्ट्यात रसाचे मोठे ग्लास आणि दिवसातून अनेकदा होणारा गोड चहा या रुग्णांना परवडत नाही. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला मात्र घाबरायचे कारण नाही. कडधान्यांतही प्युरीन असते, पण अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत त्यामुळे गाऊट वाढल्याचे आढळले नाही. दुधाने तर धोका घटला.

हळदीचे कौतुक सांगलीत अधिक असणे साहजिक आहे. बाजारपेठ इथली, हरिपूरची पेवे इथली, कसबे डिग्रजला कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र, आणि 2018 पासून सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही आहे. हळदीतला कुर्क्युमिन हा घटक दाह चेतवणाऱ्या काही रासायनिक साखळ्या रोखतो, आणि गुडघ्याच्या झिजेवरील छोट्या चाचण्यांत त्याने वेदना काहीशा कमी झाल्या. परंतु त्या चाचण्यांत बहुधा रोज 500 ते 1500 मिलिग्रॅम अर्क दिलेला असतो. हळदीत कुर्क्युमिन साधारण तीन टक्के, म्हणजे दोन ग्रॅम हळदीत जेमतेम 60 मिलिग्रॅम. शिवाय आतड्यातून ते फारसे शोषले जात नाही. मिरीतील पिपेरीन सोबत दिल्यास रक्तातील त्याचे प्रमाण वीसपट वाढल्याचे बंगळूरच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवले. भाजीतली हळद औषधाच्या मात्रेला पोचत नाही, हे हळदीच्या गावात कुणी ऐकून घेत नाही!

जवसाच्या चटणीत ओमेगा-3 भरपूर असते, पण शरीर त्यातले थोडेच उपयोगी रूपात आणते. त्या मानाने कोकणातून घाटावर येणारे बांगडे-तारल्या अधिक कामाच्या. पाटण-जावळीच्या डोंगरातली नाचणी हाडांना कॅल्शियम पुरवते, सूज उतरवत नाही.

गुडघ्यांबाबत वजन निर्णायक ठरते. एक किलो घटले की चालताना प्रत्येक पावली गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि आमटीचे जेवण इथे मदत करते. भडंग आणि कंदी पेढ्यांचा हात मात्र आखडावा लागतो.

आमवातात आहार पूरकच. मेथोट्रेक्झेटसारखे औषध थांबवून काढ्यांवर राहिल्यास सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी किंवा पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी कुर्क्युमिनच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. अशा कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.