मनोऱ्यावरील घड्याळांचा जीर्णोद्धार : थांबलेल्या काट्यांना गती देताना

मनगटावर घड्याळ बांधणे ही चैन होती, त्या काळात शहराची वेळ मनोऱ्यावरून कळत असे. त्याही आधी आपल्याकडे घटिकापात्र होते. पाण्यावर ठेवलेले सच्छिद्र भांडे भरून बुडाले की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे, झाली असे मानून टोल दिला जाई. 'घटका भरली' हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. एकोणिसाव्या शतकात चर्चच्या व सार्वजनिक इमारतींच्या मनोऱ्यांवर यांत्रिक घड्याळे बसली आणि टोल देण्याचे काम माणसाकडून यंत्राकडे गेले. यांतील काही घड्याळे आजही महाराष्ट्रात उभी आहेत. ती चालू ठेवणे हे मात्र ती बसवण्याइतकेच अवघड काम आहे.

मुंबईतील सेंट थॉमस कॅथीड्रल हे याचे जुने उदाहरण. १७१८ मध्ये उपासनेसाठी खुल्या झालेल्या या चर्चला १८३८ मध्ये मनोरा व घड्याळ यांची जोड मिळाली. त्यानंतरचे सर्वांत प्रसिद्ध घड्याळ म्हणजे मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा केलेल्या या सुमारे ८५ मीटर उंच मनोऱ्याची पायाभरणी १८६९ मध्ये झाली व तो १८७८ मध्ये पूर्ण झाला. दानशूर व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी देणगी दिली आणि मनोऱ्याला आपल्या मातोश्रींचे नाव दिले. दृष्टी अधू झालेल्या राजाबाईंना सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ टोलांवरून कळावी, हा त्यामागील हेतू होता, अशी आख्यायिका सांगितली जाते. फोर्ट भागातील १८८२ चा बोमनजी होरमसजी वाडिया घड्याळ मनोरा हा पारशी स्थापत्याच्या खुणा मिरवणारा आणखी एक नमुना.

यंत्र चालते कसे?

अशा घड्याळाला ऊर्जा मिळते ती उंचावरून हळूहळू खाली येणाऱ्या वजनांमुळे. पोलादी दोराला टांगलेली ही वजने ठरावीक दिवसांनी हँडल फिरवून पुन्हा वर चढवावी लागतात. यालाच चावी देणे म्हणतात. मोठ्या घड्याळात दातेरी चक्रांच्या तीन साखळ्या असतात. एक काटे फिरवते, दुसरी तासाचे टोल देते आणि तिसरी पाव तासाची धून वाजवते. वजनाची ऊर्जा एकदम सुटू नये, ती लंबकाच्या प्रत्येक झोक्यागणिक थोडीथोडी सुटावी, हे काम 'एस्केपमेंट' नावाचा भाग करतो.

वेळेची अचूकता लंबकाच्या लांबीवर अवलंबून असते. एका सेकंदाच्या झोक्याला सुमारे एक मीटर, तर दोन सेकंदांच्या झोक्याला सुमारे चार मीटर लांबीचा लंबक लागतो. उष्णतेने धातू प्रसरण पावतो. तापमान १० अंश सेल्सियसने वाढले, तर साध्या पोलादी लंबकाचे घड्याळ दिवसाला सुमारे पाच सेकंद मागे पडते. लंडनच्या 'बिग बेन'च्या लंबकावर जुने पेनी नाणे ठेवून वेळ साधण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. एका नाण्याने ते घड्याळ दिवसाला ०.४ सेकंद पुढे जाते.

बिघाड आणि देखभाल

समुद्राकडील खारी हवा, पावसाळ्यातील दमटपणा, धूळ आणि कबुतरे हे आपल्याकडील मनोऱ्यांचे नेहमीचे शत्रू. लोखंडी काट्यांना व तबकडीच्या सांगाड्याला गंज चढतो, दोर झिजतात, आसांची छिद्रे घासून मोठी होतात. यंत्र थांबले की अतिउत्साहाने सर्वत्र तेल सोडले जाते. तेही घातकच. तेल हवे ते आसांच्या टोकांना. चक्रांच्या दात्यांना ते लावले, तर त्यात धूळ चिकटून दाते कानशीने घासल्यासारखे झिजतात.

जीर्णोद्धारात पहिले काम नोंदीचे. प्रत्येक भागाची छायाचित्रे व मापे घेऊन, खुणा करूनच यंत्र उलगडले जाते. मूळ भाग शक्यतो दुरुस्त करायचा, नवा बसवणे अपरिहार्य असेल तर तो ओळखू येईल असा करायचा, हा सर्वमान्य दंडक आहे. २०१७ ते २०२२ या काळात 'बिग बेन'चे यंत्र उलगडून दुरुस्त करतानाही कारागिरांना हाच मार्ग धरावा लागला.

खरा वाद उभा राहतो तो विजेच्या मोटारीवरून. जुने यंत्र काढून तबकडीमागे मोटार बसवली की खर्च कमी होतो, चावी देणाऱ्याची गरज उरत नाही, काटेही फिरतात. मात्र तबकडी तेवढी जुनी राहते आणि घड्याळ नाहीसे होते. काढलेले यंत्र कोपऱ्यात गंजते, बहुधा भंगारात जाते. मधला मार्ग असा, की मूळ यंत्र तसेच ठेवून केवळ वजने वर चढवण्यासाठी मोटार वापरायची. ती पुढे कधीही काढता आली पाहिजे, एवढी अट पाळली की वारसाही टिकतो आणि श्रमही वाचतात.

राज्यात या कामाची काही चांगली उदाहरणे आहेत. सेंट थॉमस कॅथीड्रलच्या जतनाला २००४ मध्ये, तर वाडिया मनोऱ्याच्या कामाला २०१७ मध्ये 'युनेस्को'च्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत गौरव लाभला. राजाबाई टॉवर व विद्यापीठ ग्रंथालयाचे जतनकाम २०१५ मध्ये पूर्ण झाले आणि २०१८ मध्ये त्यालाही हा मान मिळाला.

मुंबईबाहेर चित्र वेगळे आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८३१ मध्ये सुरू झाले. 'ज्ञानोदय' हे नियतकालिकही १८४२ मध्ये तेथूनच निघाले. अशा जुन्या केंद्रांतील चर्च, शाळा व बाजारपेठांच्या इमारतींना महानगरातील देणगीदार सहसा लाभत नाहीत. तेथे एखादे जुने टोलघड्याळ वा घंटा असेल, तर मोठ्या निधीची वाट पाहत बसण्यापेक्षा साध्या गोष्टींनी सुरुवात करता येते. खिडक्यांना जाळी लावावी, गळती बंद करावी, चावी व तेलपाण्याची नोंदवही ठेवावी आणि बंद पडलेल्या यंत्राचा एकही भाग हलवू देऊ नये.

यंत्र शंभर वर्षे थांबले तरी पुन्हा चालू होऊ शकते. त्याचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा कारागीर मात्र एका पिढीच्या खंडानेही हरवतो. म्हणूनच दुरुस्तीच्या प्रत्येक अंदाजपत्रकात यंत्राबरोबरच त्याची निगा शिकणाऱ्या एखाद्या तरुण हातासाठीही तरतूद असली पाहिजे.